गोड पाण्याकडे निघालेली वेल

समुद्रकाठच्या एका गावात एकदा एक वृद्ध गुरुजी राहत असत. गावाला गोड्या पाण्याची विहीर एकच, आणि समुद्र व विहीर यांच्यामध्ये आडवी पडलेली वाळूची टेकडी. आदल्या वर्षीच्या उधाणात त्या टेकडीला खिंडार पडले, खारे पाणी विहिरीत शिरले आणि पुढचे कित्येक महिने बायकांनी परगावाहून पाणी वाहिले. म्हणून या खेपेस पावसाळ्याआधी खिंडार वाळूने भरून वर वेली लावायचे ठरले. मुळांनी धरली तरच वाळू थांबते. हे काम गुरुजींनी आपल्या शिष्येवर सोपवले.

शिष्या तरुण होती, शिकलेली होती आणि एका लहान मुलीची आई होती. त्या मुलीला, शेवंतीला, ती सदा कडेवर घेऊन फिरे. ओल्या वाळूत खेकडे असतात, शिंपल्यांना धार असते, आणि लाटेचा तर भरवसाच नाही. मुलगी चांगली चालती झाली होती, पण ते आईच्या कडेला अजून कळायचे होते. आपण कुठेतरी चुकतो आहोत, एवढ्या एका गोष्टीची मात्र शिष्येला नेहमी खात्री असे.

गुरुजींनी लावायला किनाऱ्यावरचीच मर्यादवेल आणली. जाड पानांची, रांगत जाणारी, दिसायला यथातथाच. त्याच सुमारास एक व्यापारी दूरदेशची वेल टोपल्या भरून घेऊन आला. तुकतुकीत पाने, पिवळीधमक फुले. ही बघता बघता सगळे झाकून टाकते, असे त्याने सांगितले. शिष्येचा जीव त्या हिरवेपणात अडकला. गुरुजी हसले आणि म्हणाले, निम्मे खिंडार तुझे, निम्मे माझे. तिने मध्ये शिंपल्यांची रेघ आखली.

गावाने रोज घरटी एक घागर टेकडीसाठी द्यायची, असा नेम झाला. शिष्येच्या बाजूला लवकरच हिरवा गालिचा पसरला. गुरुजींनी मात्र विलक्षणच काही आरंभले. आपल्या वाटच्या पाण्यात ते समुद्राचे पाणी मिसळू लागले. आधी ओंजळभर, मग तांब्याभर, मग जवळजवळ निम्मी घागर. कोवळ्या वेलींची पाने पिवळी पडली, काही गळाली. विहिरीवर एक म्हातारी म्हणाली, "गुरुजींचा हात आमटीतही असाच असणार. म्हणून तर त्यांच्याकडे कोणी जेवायला थांबत नाही."

सगळ्या हसल्या. शिष्येला हसू येईना. खिंडार पुन्हा फुटले तर विहीर जाणार होती, आणि शेवंतीला पाजायला घोटभर गोडे पाणी उरणार नव्हते. तिने गुरुजींना परोपरीने विनवले. त्यांनी आपली घागर काही सोडली नाही. एवढेच म्हणाले, "तुझ्या भागाला तू गोडच घाल, पोरी. त्यात काटकसर करू नकोस."

तिने काटकसर केली नाही. उलट स्वतःच्या घरची आणखी एक घागर ओतू लागली.

पुढे आषाढातल्या अमावास्येला उधाण आले. गाव वरच्या सड्यावर, उंच खडकाळ पठारावर, जाऊन बसले. सकाळी पाणी ओसरल्यावर शिष्या मुलीला घेऊन धावत खाली उतरली. हिरवा गालिचा नाहीसा झाला होता. लाटेने तो चटईसारखा गुंडाळून नेला होता. चार तुटक्या फांद्या राहिल्या होत्या, त्यांची मुळे बोटभरही खोल नव्हती.

ती तशीच विहिरीकडे वळली. पोहरा सोडला, ओंजळ भरली, आणि ओठांशी नेऊन थांबली. प्यायचा धीर होईना. शेवंतीने तिच्या हाताला तोंड लावले, चूळभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "आई, अजून."

पाणी गोड होते.

शिष्येने मुलीला कडेवर घेतले. मग ती पुन्हा टेकडीवर गेली. गुरुजी तिथे उभेच होते. त्यांनी काठीने दाखवले तेव्हा तिला दिसले. तिचा गालिचा गेला होता, पण त्याच्याखालची वाळू जागची हलली नव्हती. शिंपल्यांची रेघ जिथे असायची, तिथून मर्यादवेलीच्या दोरखंडासारख्या फांद्या तिच्या भागात आरपार गेल्या होत्या, आणि पेरापेराला त्यांनी खोल मूळ धरले होते.

"ह्या माझ्या बाजूला कधी आल्या?" तिने विचारले.

"रेघ तू आखलीस, वेलीला कुठे ती माहीत होती?" गुरुजी म्हणाले. "पायाशीच गोड पाणी मिळालं की वेल खोल जात नाही, लांबही जात नाही. कशाला जाईल? माझ्या वेलींना मी थोडं थोडं खारं पाजलं. सोसेल तेवढंच. मग त्या गोड्याच्या शोधात निघाल्या, आणि ते त्यांना तुझ्याकडे मिळालं. नुसतं खारंच असतं तर त्या वाटेत वाळल्या असत्या. मिठाने त्यांना चालायला शिकवलं, पण पोचायला ठिकाण तुझ्या घागरीने दिलं. तुझं पाणी वाया गेलं नाही, पोरी."

शिष्येचे डोळे भरून आले. तरी शंका सुटेना. "आणि नसत्या पोचल्या तर?"

"तर काय, गावाने मला सड्यावरून ढकललं असतं," गुरुजी म्हणाले. "रोज पहाटे येऊन तुझ्या गालिच्याखाली काठी खुपसून बघत होतो मी. काळजी काय तुला एकटीलाच करता येते?"

तेव्हा ती प्रथम हसली. हसता हसता कडेवरची मुलगी कधी खाली सरकली, ते तिला कळलेही नाही. शेवंती वेलीच्या कडेकडेने ओल्या वाळूवर चालत निघाली होती. शिष्येचा हात पुढे झाला, हाक ओठांवर आली.

तिने हाक मारली नाही. विहिरीवर जाऊन तिने एक घागर भरली आणि दिसेल अशा जागी ती घेऊन बसली, खारे पाय परत येतील तेव्हा धुवायला.