वारुळाचे जतन

त्या राज्यात ऊन दरवर्षी थोडे वाढत होते आणि सावली दरवर्षी थोडी कमी होत होती. बिळे तापत, ढोल्या तापत. सगळ्या मुलखात गार राहिलेले घर एकच होते, ते वाळव्यांचे वारूळ. ते माळावर उभे होते, दिसायला ओबडधोबड होते आणि त्याला कोणी कधी घर म्हटले नव्हते.

बांधकाम विद्यालयाच्या प्राचार्या घोरपडबाई यांनी ते प्रथम म्हटले. घोरपडबाई विद्वान होत्या. एकदा एखाद्या विचाराला चिकटल्या की सुटत नसत. त्यांनी विद्यार्थ्यांना वारुळाची मापे घ्यायला लावली. उंची, घेर, भिंतीची जाडी, मातीचा रंग, सगळे उतरवून घेतले गेले आणि मापाबरहुकूम बारा नवी वारुळे उभी राहिली. ती मूळ वारुळापेक्षा देखणी होती. फक्त त्यांत राहायला गेलेला पहिला उंदीर दुपारपर्यंत भाजून निघाला.

चौकशी समिती नेमली गेली. समितीला नकलांत एकही चूक सापडली नाही, तेव्हा चूक मुळातच असली पाहिजे असे ठरले. ती सापडलीही. वाळव्या दिवसभर वारुळाला भोके पाडत आणि बुजवत. सकाळी उगवतीकडची बुजवत, दुपारी माथ्यावरची उघडत, वारा फिरला की पुन्हा सगळे नव्याने. अहवालात याला 'रहिवाशांची सततची ढवळाढवळ' असे नाव दिले होते. जो नमुना तासातासाला बदलतो, त्याचा अभ्यास करायचा कसा? म्हणून अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत वारुळाचे जतन करावे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. वाळव्यांचे मत घेण्याची पद्धत नव्हती.

जतनाचा समारंभ सकाळी झाला. पळसावरची लाख वितळवून वारुळाला पायापासून माथ्यापर्यंत तिचे दोन हात दिले. ऊन पडताच ते असे चमकले की जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. मोजमापासाठी एकच भोक ठेवले होते, त्यातून सरड्याची शेपटी आत सोडली. सरडा हे विद्यालयाचे सर्वांत नवे यंत्र होते. शेपटीला उकडले की तो लाल होई, गार लागले की हिरवा.

वारुळाच्या भोकांची मुकादमीण ठकूबाई त्या सकाळी माती आणायला बाहेर पडली होती, म्हणून बाहेरच राहिली. आत राणी होती, ठकूबाईच्या सगळ्या बहिणी होत्या आणि माथ्याखालच्या दालनात त्या वर्षीची अंडी होती. दुपारी माथा उघडला नाही तर काय होईल हे तिला ठाऊक होते. आजवर कोणी ते होऊ दिले नव्हते.

वाळवी उन्हात चालली तर सुकून जाते. ठकूबाई विद्यालयाच्या भिंतीपर्यंत मातीची नळी बांधत आली. पण विनापरवाना बांधकाम म्हणून ती नळी झाडून टाकण्यात आली. उरलेले अंतर ती उन्हातून गेली.

दारात चिटणीस साळिंदर बसला होता. त्याच्या अंगावर लेखण्या भरपूर होत्या.

"काय काम आहे?"

"माथ्याला एक भोक पाडू द्या, दादा. माझ्या डोक्याएवढं."

"वारूळ जतनात आहे. तुम्ही कितव्या तुकडीच्या?"

"तुकडी कसली? ते आम्हीच बांधलंय."

"कुठे शिकलात?"

"आतच. थोरल्या बहिणींच्या पाठीमागं उभं राहून."

"म्हणजे दाखला नाही," साळिंदर म्हणाला आणि त्याने ते समाधानाने लिहून घेतले.

आवाज ऐकून घोरपडबाई बाहेर आल्या. "अहो ठकूबाई, तुमच्या घराचा एवढा गौरव चाललाय आणि तुम्ही रडताय काय?"

"गौरव आतून ऐकू येत नाही, बाई. आत श्वास कोंडलाय. नवं भोक नको तर नको, त्या सरड्याची शेपटी तेवढी काढा."

"मग आत किती उकडतंय ते आम्हाला कळणार कसं?"

"मी सांगते की! मरणाचं उकडतंय!"

"याला मोजमाप म्हणत नाहीत. आणि तुम्ही पडलात घरच्या. घरच्यांचं मत कसं धरायचं?"

तरी घोरपडबाई न्यायी होत्या. त्या स्वतः माळावर गेल्या. सरडा नखापर्यंत लाल झाला होता. पण प्राचार्या समोर येताच त्याने अंग सावरले आणि तो हिरवागार झाला. वरिष्ठांसमोर तो नेहमीच तसा होत असे.

"बघा, हिरवा," घोरपडबाई म्हणाल्या. साळिंदराने वेळ घालून नोंद केली.

ठकूबाईने मग कोणाला विचारले नाही. ती शेपटीच्या कडेची लाख कुरतडू लागली. तेव्हा बाहेरून बोलावलेले तज्ज्ञ, खवल्या मांजर, पुढे झाले. वाळवी हा त्यांचा जन्माचा विषय होता. "जरा जवळून पाहू द्या," असे म्हणून त्यांनी जीभ बाहेर काढली आणि आत घेतली. साळिंदराने अर्जावर शेरा मारला: अर्जदार उपस्थित नाही.

सगळे परत गेल्यावर सरडा पुन्हा लाल झाला, आणि तीन दिवस लालच राहिला. त्याला पाहायला कोणी आले नाही. चौथ्या दिवशी तो आपणहून हिरवा झाला. भर दुपारीही हिरवा. आत ऊब धरणारे श्वास आता उरले नव्हते आणि चकचकीत लाखेवरून ऊन घसरून जात होते. विद्यार्थ्यांनी भिंतीला गाल लावून पाहिले, भिंत गार होती. आवाज नाही, कचरा नाही, बदल नाही, दुरुस्तीची मागणी नाही. इतके चांगले आकडे विद्यालयाच्या इतिहासात कधी आले नव्हते. त्यांवर एक पाठ्यपुस्तक निघाले.

मग त्या बारा वारुळांनाही लाख देण्याचे ठरले आणि ती घरे गरजूंना वाटण्यात आली. तेवढे सरडे मिळेनात, म्हणून नकाशातून ते एक भोक वगळले. पहिले घर एका सशिणीला मिळाले. उन्हात तिची दोन पिल्ले गेली होती. उरलेली चार घेऊन ती आत शिरली, तिने गवत पसरले आणि त्यांना निजवले.

दाराशी खार काम करत होती. ती त्याच वर्षी पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली होती. शेपटी लाखेत बुडवून ती लावून घेतलेल्या दाराच्या चौकटीवर शेवटचा हात फिरवत होती.

"किती छान गार आहे गं!" आतून सशीण म्हणाली.

"हलू नका, ताई," खार म्हणाली. "कड अजून ओली आहे."