बेटावरच्या जनरेटरची आरती

फार फार वर्षांपूर्वी एका खाडीच्या तोंडाशी एक बेट होतं आणि त्या बेटावर एका राजाचं राज्य होतं. आता तुम्ही लगेच विचारणार, राजाच्या काळात जनरेटर कुठून आला? आला. माझ्या गोष्टीत आला. ज्याला पटत नसेल त्यानं खुशाल उठून जावं, बाकीच्यांनी नीट ऐकावं.

त्या बेटावरची हवा म्हणजे काय सांगू! बारा महिने दमट. मिठाला पाणी सुटायचं, काडेपेटीतली काडी पेटायची नाही, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढायची. अशा हवेत तिथल्या तुळाजी नावाच्या माणसाच्या बायकोला, भागीला, दमा होता. दम लागला की तिला दवाखान्यात नेऊन प्राणवायूच्या यंत्राला जोडावं लागे. यंत्र चाले विजेवर, आणि वीज तर तिला वाटेल तेव्हा जाई. म्हणून राजानं दवाखान्याला एक डिझेल जनरेटर दिला आणि त्याची राखण तुळाजीकडे सोपवली. याच्या बायकोचाच जीव त्यावर आहे, हा काही हयगय करणार नाही, असं राजाला वाटलं.

जनरेटर बसवायला राजाचा मिस्त्री आला. जाताना त्यानं तुळाजीला सगळं हाताला धरून दाखवलं.

"हे बघा तुळाजीभाऊ, डिझेलची टाकी कायम भरलेली ठेवा. टाकी अर्धी राहिली की वरच्या पोकळीत दमट हवा शिरते, तिचं पाणी होतं आणि ते डिझेलखाली जाऊन बसतं. म्हणून तळाचा नळ सोडून ते पाणी काढत चला. फिल्टर बदलत चला. आणि दर सोमवारी दवाखान्याचं सगळं ओझं, म्हणजे दिवे, पंखे, यंत्रं, त्यावर टाकून मशीन चांगला अर्धा तास पळवा. तापू दे. तापल्याशिवाय आतला ओलावा उडत नाही."

"अहो, मी पोटच्या पोरासारखा सांभाळीन त्याला!" तुळाजी म्हणाला. आणि खोटं नव्हतं हो ते, मनापासून म्हणाला.

पहिल्या सोमवारी तुळाजीनं जनरेटर चालू केला. राजानं दिलेली वस्तू, म्हणून कुणीतरी नारळ आणला. कुणी हळदकुंकू लावलं. दुसऱ्या सोमवारी हार आला. मग पुजारीबुवा आले, म्हणजे आरती आली, आरती आली म्हणजे प्रसादही आला. बघता बघता सोमवारची रीतच पडली. गाव जमायचं, तुळाजी बटण दाबायचा, मशीन घर्र करायचं, सगळे हात जोडायचे. आरती संपली की पुजारीबुवा खोकत म्हणायचे, "पुरे रे आता, धुरानं धोतर काळं होतंय." तुळाजी लगेच बंद करायचा. मशीन कोमट झालं न झालं तोच गप्प!

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं, "तुळाजीदादा, दवाखान्याचं ओझं टाकून कधी चालवता की नाही?"

"बाई, उगाच कशाला त्याला शिणवायचं? वेळेला लागणार आहे. आणि लोकांनाही आवाजाचा त्रास होतो."

"आणि तळाचं पाणी?"

"काढू की. हार ओले झालेत, ते बदलले की काढतो."

आता बघा, तुळाजी आळशी होता का? मुळीच नाही. रोज पहाटे उठून तो जनरेटर पुसायचा. खोबरेल तेलाचा हात फिरवून असा चकचकीत ठेवायचा की त्यात तोंड दिसावं. वरून जाड ताडपत्री, ताडपत्रीवर कुणी नवसाला दिलेली शाल. वारा म्हणून लागू द्यायचा नाही. डिझेल संपतच नव्हतं, मग टाकी भरायची तरी कशाला? ती अर्धीच राहिली. माणूस दिवसभर राबत होता, फक्त नको तिथे. अशांचा मला भारी राग येतो, कारण त्यांना कुणी नावं ठेवू शकत नाही.

आषाढात एका दुपारी वादळ आलं. भागीला सकाळपासूनच दम लागला होता, म्हणून ती दवाखान्यात यंत्राला जोडलेली होती. नाकात नळी, डोळे मिटलेले, छाती भात्यासारखी हलतेय. तेवढ्यात तारा तुटल्या आणि वीज गेली. यंत्र बंद पडलं.

"तुळाजीदादा, जनरेटर!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

तुळाजी तर दारातच उभा होता. त्यानं शाल काढली, ताडपत्री फेकली, बटण दाबलं. घर्र! मशीन एका दमात चालू झालं. तुळाजीनं छाती पुढे काढून दवाखान्याचं ओझं टाकलं. बसवल्यापासून वीज गेली होती ती भागी यंत्रावर नसताना, त्यामुळे ओझं म्हणून हे पहिलंच. मशीन अडखळलं, पांढऱ्या धुराचा लोट सोडला, खोकलं आणि बसलं. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा बसलं. तिसऱ्यांदा तर नुसतं कण्हलं.

गाव धावत आलं. येताना काय घेऊन आलं असेल? नारळ! पुजारीबुवांनी घंटा वाजवली. तुळाजीनं आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातातली घंटा काढून घेतली आणि भिरकावून दिली.

आत डॉक्टरीणबाई रबरी फुगा दाबून भागीच्या छातीत हवा भरत होत्या. त्यांचे हात थकले की कोळणी पुढे व्हायच्या. एकीचे हात भरून आले की दुसरी. बाहेर तुळाजी चिखलात उताणा पडला आणि त्यानं टाकीच्या तळाचा नळ सोडला. डिझेल येईना. पाणी आलं. बादलीभर पाणी! त्यामागून शेवाळासारखा काळपट गाळ. फिल्टर उघडला तर तो बुळबुळीत होऊन गच्च बसलेला. मिस्त्रीनं दिलेला नवा फिल्टर होता, पण तोसुद्धा देव्हाऱ्यात! कुणीतरी धावत जाऊन आणला. वरचा गुलाल झटकून, वेष्टण फाडून तुळाजीनं तो बसवला. डिझेलच्या नळीतली हवा काढली. आतून बायांचा आवाज यायचा, "दाब गं, थांबू नकोस," आणि तो आवाज येतोय तोवर आपली भागी आहे, एवढंच त्याला कळत होतं.

शेवटी मशीन चालू झालं. खोकत, धुरकटत, पण चाललं.

भागी वाचली. पण पूर्वी ती मासळीच्या टोपलीमागे बसून हाक द्यायची, तर पलीकडच्या आळीतली गिऱ्हाइकं उठून यायची. त्या दुपारनंतर ती चार शब्द बोलली की थांबते, श्वास घेते, मग पुढचे बोलते. टोपली आता तिची जाऊ विकते.

पुढच्या सोमवारी गाव नारळ घेऊन आलं. तुळाजीनं आधी टाकीचं पाणी काढलं, टाकी काठोकाठ भरली, आणि दवाखान्याचं सगळं ओझं टाकून मशीन पळवलं. पुजारीबुवांचं धोतर काळं झालं. लोकांनी कान झाकले, कुरकुर केली आणि घरी गेले. तुळाजीनं कुणाकडे बघितलंसुद्धा नाही.

मशीन बंद करून, हात पुसत तो भागीजवळ येऊन बसला. "भागे, राजाला वाटेल मी हयगय केली. पण मी किती जपलं गं त्याला!"

भागी म्हणाली, "जपलंत हो." ती थांबली, श्वास घेतला. "मशीन जपलंत." पुन्हा थांबली. "मला जपायचं होतं."

तुळाजी तोंडात पंचा धरून रडला. तिनं त्याला रडू दिलं.

म्हणून पोरांनो, आणि पोरांच्या आईबापांनो, लक्षात ठेवा: ज्या वस्तूवर कुणाचा श्वास अवलंबून आहे, तिची निगा हात काळे करून राखावी, नमस्कार मागाहून केला तरी चालतो.