पाठमोरी खुर्ची

एका गावात एक इंग्रजीचे शिक्षक होते, डोंगरदिवे सर. शब्दांची मुळं सांगायची त्यांना भारी हौस. एकदा बारावीच्या वर्गात ते म्हणाले, "परीक्षेच्या पर्यवेक्षकाला इंग्रजीत इन्व्हिजिलेटर म्हणतात. शब्द लॅटिनमधला, जुन्या रोमच्या भाषेतला. त्याच्या मुळाशी आहे जागं राहणं. जागा राहून जो राखण करतो, तो."

मागच्या बाकावरून ज्ञानोबा म्हणाला, "मग आमचं कसं व्हायचं, सर?"

वर्ग हसला. सरही हसले.

कालिंदी हसली नाही. तिला नर्सिंगला जायचं होतं. वडिलांनी बजावलं होतं, "पास झालीस तर शिक. नाहीतर यंदा तुझं लग्न उरकून टाकतो."

त्या गावच्या परीक्षा केंद्राची एक रीत होती. पेपर वाटून झाले की पर्यवेक्षक खुर्ची खिडकीकडे वळवून वर्गाला पाठ करून बसत. मुलं पास होत, शाळेचा निकाल चांगला लागे. आणि वर कुणी विचारलंच, तर "मी काही पाहिलं नाही" असं छातीठोक सांगता येई. गणिताच्या पेपरला डोंगरदिवे सरांनीही खुर्ची वळवली.

ज्ञानोबाने कालिंदीची पुरवणी ओढली. "दे गं बाईसाहेब. एकटीच पास होऊन काय करशील?"

"सर, हा माझी पुरवणी घेतोय! बघा ना!"

"शांतता राखा," सर खिडकीकडे बघत म्हणाले.

पुरवणी वर्गभर फिरली. तपासणाऱ्यांना सगळ्यांच्या पेपरांत तीच उत्तरं आणि त्याच चुका सापडल्या. बोर्डाने अख्ख्या वर्गाचा निकाल रद्द केला.

कालिंदी बोर्डाच्या साहेबांपुढे चौकशीला गेली. "उत्तरं माझी होती, साहेब. सरांना विचारा."

साहेबांनी सरांना बोलावून विचारलं, "डोंगरदिवे, कुणी कुणाचं बघून लिहिलं?"

सरांनी मान खाली घातली. "मी काही पाहिलं नाही, साहेब."

हे अगदी खरं होतं. साहेबांनी बाकीच्यांबरोबर कालिंदीचाही निकाल रद्दच ठेवला.

फेरपरीक्षेला वर्ग पुन्हा भरला. ज्ञानोबा पास झाला, बाकीचेही झाले. कालिंदीची जागा रिकामी होती. तिचं लग्न होऊन गेलं होतं.

तात्पर्य: राखण करणाऱ्याने पाठ फिरवली, तर चोराचं फारसं बिघडत नाही. बुडतो तो प्रामाणिक माणूस, कारण त्याचा एकमेव साक्षीदार नाहीसा होतो.