गाळलेले घर

त्या वर्षी सुखनाथ महाराजांचा मुक्काम पिंपळदरीच्या मठात होता. गाव लहान, शंभरेक उंबऱ्यांचे. मठामागेच गोजराबाई बुरडीण राहत असे. घरोघरची सुपे-टोपल्या तिच्याच हातच्या, त्यामुळे सगळी घरे तिला तोंडपाठ. सांजेची आरती झाली की ती देवापुढे उभी राही आणि आळीआळीने एकेका घराचे नाव घेऊन म्हणे, "देवा, यांना सांभाळ." स्वतःचे घर मात्र ती हटकून विसरे!

गावचे रंगोपंत शिकलेले खरे, पण जिभेचे फार तिखट. देवाला काय गावाची खानेसुमारी हवी आहे, असे म्हणून ते चारचौघांत तिला हसले. वर बजावले, की आमचे नाव घेऊ नकोस, आमच्या घरासाठी जपाला ब्राह्मण बसवले आहेत.

बिचारी डोळे पुसत महाराजांकडे आली. "म्हाराज, पंतांनी नाव घ्यायला मना केलंया. पन त्यांचं घर टाकून म्होरं जायला जीव हुईना. काय करू?"

महाराज म्हणाले, "नाव घेऊ नकोस, बाई. त्यांच्या घरापाशी आलीस की नुसती थांब."

तेव्हापासून नावे घेताना पंतांचे घर आले की ती क्षणभर थांबू लागली.

भाद्रपदात गावात पटकी शिरली. चार दिवसांत नऊ माणसे गेली. जो तो दार लावून आपल्यापुरता देव आळवू लागला. गोजराबाईनेही अंथरूण धरले. तेव्हा महाराजांनी धडधाकट माणसांना मठात बोलावले, आजाऱ्यांची सेवा वाटून दिली आणि सांगितले, की कोणी स्वतःसाठी मागायचे नाही. गोजरा मागते तसे सगळ्यांनी सगळ्यांसाठी मागायचे.

पुढे दोनच दिवसांत पंतांच्या पत्नी उमाबाई आजारी पडल्या. जपाचे ब्राह्मण त्याच दुपारी गाव सोडून गेले. वैद्यांनी आशा सोडली. दिवेलागणीला पंत अनवाणी मठाकडे धावले. आत सारे गाव एका सुरात घरांची नावे घेत होते. वरच्या आळीचे सोनार झाले, गुरव झाले. आता पंतांचेच घर! आणि सगळे आवाज थांबले.

पंत गर्दीतून वाट काढत महाराजांच्या आसनापाशी जाऊन बसले. "माझं घर गाळलंत," ते म्हणाले. "मीच सांगितलं होतं... मीच."

महाराजांनी त्यांचा हात धरला. "गाळलं नाही, पंत. गोजरा करायची तसंच गाव करतं. बाकीच्यांचं नाव घेऊन आम्ही पुढे जातो. तुमच्या घरापाशी रोज थांबतो."

इतक्यात पंतांची सून धावत आली. सासूबाईंनी डोळे उघडले होते, पेज मागितली होती. महाराज आत्ता उशाशी बसून गेले, बोलले काहीच नाहीत, असे त्या सांगत होत्या. महाराज तर आसनावरून हललेही नव्हते, अख्ख्या गावाने पाहिले होते! काय ही माउलीची करुणा!

पंत तसेच उठून मठामागे गेले आणि गोजराबाईच्या पायांवर त्यांनी डोके ठेवले. तिला बोलवत नव्हते. तरी पुटपुटली, "पंत, आता नाव घिऊ का जी?"

दुसऱ्या सांजेला आरतीनंतर पंत स्वतः देवापुढे उभे राहिले. ती रोज विसरायची त्या बुरडिणीच्या घराचे नाव त्यांनी सर्वांत आधी घेतले.