उत्तम झाले!

एका राज्यात मोठा अजब रिवाज होता. काहीही घडो, ऐकणाऱ्याने हात जोडून "उत्तम झाले!" म्हणायचे. राजगुरू विश्वानंदांची तशी शिकवण होती. त्यांच्या स्वतःच्या दाराशी दुःख कधी फिरकलेच नव्हते ना!

एके दिवशी चेटकीण कालिंबा रडत दरबारात आली. राजाच्या आतषबाजीत तिची झोपडी जळाली होती. सारा दरबार म्हणाला, "उत्तम झाले!" कालिंबाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने बोट रोखले अन् राजकन्या पुष्करिणी उभ्या जागी दगड झाली. गुरुजी सवयीने म्हणाले, "उत्तम झाले!" ते शब्द राजपुत्र अरिंजयाला पहिल्यांदाच टोचले. धाकट्या बहिणीवर त्याचा फार जीव होता.

"उपाय सांगा, माते," तो म्हणाला.

"तीन दुःखी घरी जा. कुणी आपणहून पाणी दिले, तर हिच्यावर शिंपड. मागितलेस, तर ही कायमची दगड."

चेटकिणीची मैना वाट दाखवत निघाली. पहिले घर कुंभाराचे. भट्टी ढासळून सारी मडकी फुटली होती. लहानपणापासूनची सवय ती! राजपुत्र बोलून गेला, "उत्तम झाले! नवी भट्टी मोठी बांधाल." कुंभाराने खापर फेकून मारले.

दुसऱ्या घरी नावाड्याची नाव बुडालेली. "उत्तम झाले! आता पोहायला शिकाल." नावाड्याने त्यालाच नदीत ढकलले. पाणी नाकातोंडात गेले, हाती मात्र आले नाही.

"एकच घर उरले," मैना म्हणाली.

तिथे एका म्हातारीची गाय गोठ्यात मरून पडली होती. राजपुत्राच्या ओठांवर तेच शब्द आले. पण त्याला दगड झालेली बहीण दिसली आणि डोळे भरून आले.

"फार वाईट झाले, आजी," तो म्हणाला. मग कुदळ घेऊन त्याने गाईसाठी खड्डा खणला. उन्हे कलेपर्यंत हाताला फोड आले.

"दमलास रे लेकरा," म्हातारीने तांब्या पुढे केला. "पाणी घे."

घशाला कोरड पडली होती, तरी त्याने थेंबही प्यायला नाही. तांब्या छातीशी धरून तो महाली धावला.

पाणी पडताच पुष्करिणीने डोळे उघडले. "दादा, केवढा चिखल माखलाय तुला!"

राजाने कालिंबाची माफी मागितली, अरिंजयाने स्वतः तिची झोपडी शाकारली, म्हातारीच्या गोठ्यात दुभती गाय आली. तो जुना रिवाजही मोडला.

दरबारात हसणाऱ्या राजकन्येकडे पाहून गुरुजींनी तोंड उघडले, आणि ओशाळून मिटले.

"म्हणा गुरुजी," अरिंजय म्हणाला. "आज म्हणा."

"उत्तम झाले," गुरुजी म्हणाले, आणि त्यांना रडू आवरेना.