न पेटणारे मनोरे

एका राज्यात समुद्रकाठी सात मनोरे होते. चाच्यांची गलबते दिसली की पहिल्या मनोऱ्यावर धूर निघे, तो पाहून दुसऱ्यावर, असा सातव्यापर्यंत. मग गावे डोंगरात पळत आणि सैन्य किनाऱ्यावर येई.

पहिल्या मनोऱ्याचा पहारेकरी सुमेध. एके सकाळी त्याने धूर केला. राजा वीरबाहू सैन्यासह धावत आला, तो समुद्रावर नुसते धुके.

"गलबते धुक्यात आहेत, महाराज," सुमेध म्हणाला.

राजाला ते खोटे वाटले. रागाच्या भरात त्याने सुमेधाला मनोऱ्यावरून खाली समुद्रात लोटले. पडता पडता सुमेध बोलला, "खऱ्याला खोटे ठरवलेस. आता या मनोऱ्यांवर आग पेटणार नाही."

तेव्हापासून सातही मनोऱ्यांवर चकमक झडे, ठिणगी पडे. पण तेलात भिजवलेली लाकडेही पेट घेईनात. चाचे आले. पाच गावे जळाली. युवराज लढताना वाळूतच पडला.

त्याला अग्नी देऊन राजा एकटाच पहिल्या मनोऱ्यावर चढला. कठड्यावर एक कुरव बसला होता.

"त्या धुक्यातली गलबते मी पाहिली होती," पक्षी म्हणाला. "अकरा होती. सैन्य पाहून मागे फिरली."

राजा म्हणाला, "शाप कसा उतरेल?"

"सातही मनोऱ्यांवर आपला अपराध आपल्या तोंडाने सांग. लाटांनी वाहून नेलेली सुमेधाची हाडे समुद्रगुहेतल्या मांत्रिकाकडे आहेत, ती आण. आणि चकमक त्याच्या बायकोच्या हातची हवी."

राजाने अपराध सांगितला. लोक ऐकून निघून गेले. पाचव्या मनोऱ्यापाशी एक म्हातारी त्याच्या पायांपाशी थुंकली. मांत्रिकाने हाडांच्या बदल्यात राजाची झोप मागितली. राजाने ती दिली. पुन्हा त्याचा डोळा कधी लागला नाही.

सुमेधाची बायको तारिणी जाळे विणत होती. राजाने गाठोडे तिच्यापुढे ठेवले. एकेक हाड तिने पदराने पुसले.

"तीन महिने मी हा किनारा धुंडाळला," ती म्हणाली.

"चकमक झाडायला येशील?"

"येईन. तुमच्यासाठी नव्हे. माझ्या बहिणीचे गाव अजून उभे आहे."

दोघे पहिल्या मनोऱ्यावर पोचतात तोच शिडे दिसली. तारिणीने चकमक झाडली. तिसऱ्या ठिणगीला लाकडांनी पेट घेतला, धूर सातव्या मनोऱ्यापर्यंत धावला. चाचे किनाऱ्याला लागले तेव्हा घरे रिकामी होती आणि सैन्य उभे होते. चाच्यांपैकी थोडेच परत गेले.

"मला क्षमा कर," राजा म्हणाला.

"ती त्याच्याकडे मागायची. तो ऐकायला नाही," असे म्हणून तारिणी जिना उतरून गेली.

राजाने गादी कन्या चित्रांगीला दिली. धूर केला म्हणून पहारेकऱ्याला शिक्षा नाही, असा तिने कायदा केला. त्यानंतर त्या राज्यात एकही गाव जळाले नाही. वीरबाहू पहिल्या मनोऱ्यावर पहाऱ्याला राहिला. खालच्या वाटेने तारिणी रोज मासळीची टोपली घेऊन जाई. तिने कधी वर पाहिले नाही, आणि त्याने कधी हाक मारली नाही.