मिठाची खेप

ते राज्य डोंगरमाथ्यावर होते आणि त्याचे मीठ दूर खाली, समुद्रकाठी होते. मधला घाट बैल तुडवीत. चाळीस बैलांचा तांडा रिकाम्या गोण्या पाठीवर घेऊन गडाखालच्या तळावरून उतरे आणि आठव्या दिवशी मीठ घेऊन परते. एका खेपेला दर बैलामागे कडब्याच्या तीन पेंढ्या, असा ठराव होता. तो सिंहमहाराजांच्या आजोबांनी केला होता, आणि महाराजांना त्याची खबरही नव्हती. त्यांना फक्त रोज ताटात मीठ लागे.

तांड्याच्या पुढे खैरा नावाचा बैल चाले. त्याच्या गळ्यात पितळेची घंटा होती. घाटात धुके इतके दाट असे की पुढच्याची शेपटी मागच्याला दिसत नसे, म्हणून सगळे घंटेच्या आवाजावर चालत. ही सवय अंगात अशी मुरली होती की घंटा वाजली की पाय आधी उचलले जात आणि आपण कुठे निघालो हे डोक्याला मागाहून कळे. खैऱ्याला आपल्या घंटेचा अभिमान होता. घंटा गेलेल्या म्होरक्याला डोळ्यांवर झापड बांधून तेलघाण्याला जुंपतात हेही त्याला माहीत होते, पण त्या गोष्टीचा विचार तो होता होईतो टाळी.

एके दिवशी वानर कारभारी तळावर आला आणि त्याने जाहीर केले की घाटातली दोन वळणे फोडून वाट सरळ केली आहे, चढ सोपा झाला आहे, तेव्हा यापुढे पेंढ्या दोन. वळणे फोडली होती हे खरे. पण त्यांचे दगड बैलांनीच वाहिले होते, आणि वाट सरळ होताच गोण्या मोठ्या शिवल्या गेल्या होत्या. हे सांगायला कारभारी विसरला. कारभाऱ्यांची स्मरणशक्ती सोयीची असते.

बैल पाणवठ्यावर जमले. बांड्या नावाचा एक तापट बैल म्हणाला की दोन पेंढ्यांत त्याचे एकट्याचेही पोट भरत नाही, मग घरी गाय-वासराने काय माती खायची? तीन पेंढ्या मिळेपर्यंत पाऊल उचलायचे नाही, असे ठरले. सगळ्यांनी शिंगे हलवून होकार दिला. खैऱ्यानेही दिला.

दुसऱ्या सकाळी एक गोमाशी खैऱ्याच्या मानेला डसली. त्याने मान झटकली आणि घंटा वाजली. चौदा बैल मुकाट्याने चालू लागले, आणि पहिल्या वळणावर पोचल्यावर त्यांना आठवले की आपण तर जाणार नव्हतो, तसे ते ओशाळून मागे फिरले. कारभारी झाडावरून उतरला. चौदा जणांनी दोन पेंढ्या कबूल केल्या, असे त्याने तिथल्या तिथे जाहीर करून टाकले. खैऱ्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बांड्या शिंगे रोखून त्याच्यासमोर आला. "घाण्याला भ्यालास, म्हणून वाजवलीस."

"भ्यालोय खरा," खैरा म्हणाला. "पण मी मुद्दाम नाही वाजवली. माशी होती."

बांड्याने शिंगे खाली घेतली. मग तो खैऱ्याला खेटून उभा राहिला आणि आपल्या शेपटीने त्याच्या मानेवरच्या माश्या वारू लागला. त्या दिवसापासून खैऱ्याने मान हलवली नाही. दुसरे बैल पाला ओढून त्याच्या तोंडाशी आणीत. मान दगडासारखी जड झाली, खांदे ठणकू लागले, आणि एकदा शिंक येता येता राहिली तेव्हा साऱ्या तळाने श्वास रोखून धरला.

तिसऱ्या दिवशी, बांड्या पाण्यावर गेलेला पाहून, कारभारी खैऱ्याच्या कानाशी आला. आता त्याचा आवाज मधात बुडवलेला होता.

"खैरोजीराव, तुम्हाला चार पेंढ्या देतो, आणि घाण्याचं नाव जन्मात नाही. फक्त मान हलवा. माशी बसली म्हणा, कोण विचारतंय? नाहीतर उद्याच झापड बांधतो."

खैऱ्याला हो म्हणावेसे वाटले, आणि तसे वाटल्याची लाजही वाटली. नाही म्हणायला मान हलवायचीही सोय नव्हती.  त्याने गुडघे हळूच दुमडले, घंटेचा आवाज होऊ न देता तो खाली बसला, आणि मग मोठ्याने म्हणाला, "बसा रे सगळे. बसलेले पाय घंटेचं ऐकत नाहीत."

चाळीसच्या चाळीस बैल बसले. कारभाऱ्याने चिडून खैऱ्याच्या गळ्यातली घंटा ओरबाडली, स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि ती वाजवीत तो तळभर धावत सुटला. खुरांनी माती उकरली जात होती, मांड्या उडत होत्या, काहींनी शेजाऱ्याच्या पाठीवर हनुवटी दाबून धरली होती. उठले मात्र कोणी नाही.

मग गडावरचे मीठ संपले. मुदपाकखान्यात आधी रांजण खरवडले, मग धुतले, मग ते धुवणही संपले. आठव्या दिवशी महाराज स्वतः गडाखाली आले. मागे सारा दरबार होता, सर्वांचे चेहरे अळणी जेवणाने उतरलेले. कारभारी पुढे होऊन सांगू लागला की हाच तो म्होरक्या, याला घाण्याला जुंपण्याचा हुकूम व्हावा. महाराजांनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांच्या नाकाला कसलातरी वास लागला होता, आणि ते वासामागून सरळ खैऱ्यापाशी आले.

"महाराज, तीन पेंढ्या," खैरा म्हणाला.  सिंहाने जबडा उघडला, तशी खैऱ्याने डोळे घट्ट मिटले.

दात लागले नाहीत. पाठीवर, जिथे इतकी वर्षे गोण्या घासल्या होत्या आणि घाम वाळून मिठाचा पांढरा थर बसला होता, तिथे एक खरखरीत जीभ फिरली. महाराज थांबले, त्यांनी जिभेवरची चव घोळवली, आणि मान खाली घालून ते पुन्हा चाटू लागले. त्यांच्यामागे दरबाऱ्यांनी एकेका बैलाच्या पाठीशी रांगा धरल्या.